चक्कर येऊन पडलो तर लोक म्हणाले प्यालाय. माग चालवू की बंद करू?

वडगावचा मागवाला

नमस्कार. मी बेळगाव वडगावचा. घरातच चार यंत्रमाग आहेत, साड्या विणतो. वय ४७. डाव्या कानाचं आणि चक्करेचं काय करायचं ते कळेना झालंय म्हणून लिहायलोय. लांबण लागेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्ही तरी काय सांगणार.

गेल्या वर्षी गणपती पोचवून तीन-चार दिवस झाले होते. तिसऱ्या मागावर ताण्याचे धागे तुटले होते, वाकून जोडत होतो. आधी डाव्या कानात दडा बसला, आंबोलीचा घाट उतरताना बसतो तसा. मग आत घोंगावायला लागलं. घरात चार माग चालू आणि पाचवा माझ्या कानात, असं झालं. आणि एकदम सगळं फिरायला लागलं. मी नव्हे, खोली. बीम धरून खाली बसलो. बायको कांड्या भरत होती, तिनं पळत जाऊन मेन बंद केला. त्यानंतर तीन तास मी त्याच फरशीवर. डोळे उघडले की पत्रे डावीकडून उजवीकडे पळायचे, मिटले की पोट ढवळायचं. चार वेळा उलटी झाली. संध्याकाळी आपोआप थांबलं. पुढचे दोन दिवस डाव्या कानानं फोनवरचं बोलणं कळत नव्हतं, चालताना पाय चिखलात पडल्यासारखे पडत होते. मग पुन्हा सगळं नीट.

तेव्हापासून असं सात वेळा झालंय. कधी आठवड्यात दोनदा, कधी दोन महिने काहीच नाही. हे काहीच न होणारे दोन महिने जास्त त्रासाचे. रोज उठलो की आधी कान चाचपतो, आज दडा आहे का ते.

पहिल्यांदा पित्त म्हणून औषध मिळालं. मग एके ठिकाणी मानेचा एक्स-रे काढला, मणक्याची झीज आहे म्हणाले. चार महिने पट्टा घातला. पट्टा गळ्यात असतानाच तीन वेळा चक्कर आली. त्यानंतर मेडिकलवाल्यानं सिनारिझिनच्या गोळ्या दिल्या. त्या रोज दोन, आठ महिने घेतोय. त्यानं झोप येते. मागावर उभा असलो तरी डोळ्यांवर झापड, गाठ मारायला बोटं मागं पडतात.

आता जे खरं सांगायचंय ते. गेल्या महिन्यात शनिवारी खडेबाजारात गेलो होतो. दडा नाही, आवाज नाही, फिरणं नाही. पाठीमागून कुणीतरी जोरात ढकलावं तसा थेट जमिनीवर. शुद्धीत होतो, सगळं ऐकू येत होतं. उठून मागं बघितलं तर दोन हातांवर कुणीच नाही. माणसं जमली. एक कन्नडमधून म्हणाला, "कुडदानरी." प्यालाय. दुसरा मराठीत म्हणाला, "गळ्यात माळ आणि दुपारी हे." एका बाईनं पोराला बाजूला ओढलं. मी माळकरी आहे. माळ घालून पंचवीस वर्षं झाली, आठ वेळा पायी पंढरीला गेलोय. गुडघा फुटला होता त्याचं काही वाटलं नाही. ते शब्द अजून जात नाहीत. मुलगी पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे, तिच्या वर्गातल्या कुणीतरी बघितलं होतं. घरी आलो तर ती काही बोलली नाही, पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिली.

विचारायचं ते असं. माग बंद करावे लागतील का? माझ्या घराला दुसरी मिळकत नाही. हे मागाच्या आवाजानं झालंय का? आणि याला नेमकं म्हणायचं काय? प्रत्येकजण नुसतं "चक्कर" म्हणतो.

निपाणीचे काका

मागवाले, मला वयाच्या ६१ व्या वर्षी झालं ते सांगतो. आमची तंबाखूची वखार. वरच्या थराची पोती मोजायला मान वर केली आणि गरगरलं. रात्री उजव्या कुशीवर वळलो की पुन्हा. सलूनमध्ये मान मागं टाकली की पुन्हा. पण प्रत्येक वेळी अर्धा मिनिट, फार तर मिनिटभर, मग शांत. मला वाटलं अर्धांग येणार, घरात सगळ्यांना बोलावून कागदपत्रं कुठं आहेत ते सांगून ठेवलं होतं.

कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरांनी मला पलंगावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झटक्यात मागं झोपवलं आणि डोळे बघितले. बुबुळं थरथरत होती म्हणे. मग तसंच धरून मान दुसऱ्या बाजूला, मग कुशीवर, मग उठवून बसवलं. पाच-सात मिनिटांचं काम. त्याला एप्ली म्हणतात. गोळी नाही, इंजेक्शन नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मोकळा. दीड वर्षानं पुन्हा आलं, पुन्हा तेच केलं, पुन्हा गेलं.

तुम्हीही एकदा करून घ्या. आणि तो पट्टा काढून ठेवा.

अंगणवाडीची अक्का, खानापूर

काका, तुमचं बरं झालं हे ऐकून आनंद वाटला. पण या भावाचं तुमच्यासारखं नाही. तुमचं मिनिटात संपतं, त्यांचं तीन तास चालतं, शिवाय कानात दडा आणि घोंगावणं. हे मी ओळखते, कारण ते माझ्या घरात २०१३ पासून राहायला आलंय. मला मेनिएर आहे, आतल्या कानाचा आजार. उजवा कान.

दादा, तुमचं खडेबाजारातलं वाचून मी थोडा वेळ फोन खाली ठेवला. मलाही बोललेत. माझ्या बाबतीत प्यालीय म्हणाले नाहीत, बाहेरचं आहे म्हणाले. सौंदत्तीला जाऊन ये, देवीचं काहीतरी राहिलंय. मी गेले, ओटी भरली, मन हलकं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चक्कर कानातली होती, ती कानाच्या डॉक्टरकडे गेल्यावरच समजली. मधली दोन वर्षं गेली आणि तेवढ्यात कानाची ऐकण्याची ताकद गेली ती परत आली नाही. म्हणून तुम्हाला सांगते, वर्ष झालंय, आता थांबू नका.

मी जे शिकले त्यातलं कामाचं तेवढं लिहिते.

वही करा. तारीख, किती वाजता, किती वेळ, आधी दडा होता का, झोप किती झाली होती, आदल्या दिवशी काय खाल्लं. माझ्या डॉक्टरांनी अर्धं निदान त्या वहीवरून केलं. चक्कर आलेल्या दिवशी आपण कधीच त्यांच्यासमोर नसतो, त्यामुळे वहीच आपल्या वतीनं बोलते.

मीठ. मला वाटायचं आमच्याकडे जेवण अळणीच असतं. मग डॉक्टरांनी विचारलं, घरात मिठाचं एक किलोचं पाकीट किती दिवस जातं? आम्ही पाच माणसं. बघितलं तर १८ दिवस. म्हणजे दिवसाला ५५ ग्रॅम, माणशी ११. जागतिक आरोग्य संघटना सांगते ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, सांडगी मिरची, बाजारचं फरसाण धरलेलंच नाही. आमच्या भागात पावसाळ्यात सुकी मासळी असते, ती म्हणजे मिठाचा गोळाच. मी सुकी मासळी पूर्ण सोडली. भाताच्या पाण्यात मीठ घालणं बंद, भाकरीच्या पिठात बंद, आमटीत निम्मं आणि वरून लिंबू पिळायचं. सासूबाई सहा महिने नाराज होत्या. मग त्यांचाच बीपी खाली आला, तेव्हापासून त्याच पाकिटावर तारीख टाकतात. मिठानं माझ्या चक्करा बंद झाल्या असं म्हणणार नाही, कमी झाल्या. उपवासाच्या दिवशी वेफर्स आणि चिवडा खाल्ला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दडा येतो हे माझ्या वहीत पाच वेळा लिहिलंय.

अंधार. याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. तोल तीन गोष्टींवर असतो, डोळे, पाय आणि कान. कान लंगडा झाला की उरलेले दोघं ओझं वाहतात. जून-जुलैत रोप लावायच्या दिवसांत मी संध्याकाळी बांधावरून येत होते. लाईट नव्हती, खाली चिखल. म्हणजे डोळेही गेले आणि पायही गेले. थेट वाफ्यात पडले. चक्कर आलीच नव्हती, नुसता अंधार होता. तेव्हापासून पदराला टॉर्च बांधलेली असते. न्हाणीघरात डोळ्यांना साबण लावून उभी राहत नाही, बसून अंघोळ करते. विहिरीच्या काठावर जात नाही.

आणि घरच्यांना एकच शिकवा. चक्कर आली की "काय झालं, काय झालं" करून हलवायचं नाही. कुशीवर झोपवायचं, एका न हलणाऱ्या वस्तूकडे बघायला सांगायचं, उलटीला भांडं ठेवायचं आणि गप्प शेजारी बसायचं. तुमची लेक ते आत्ताच करते.

कानाची ताई

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकणं तपासण्याचं काम करते. माहेर अनगोळ, सध्या हुबळीला काम करते. इथं बसून निदान करता येत नाही, ते कान-नाक-घसा तज्ज्ञच करतील. पण दादांच्या लिहिण्यात एक गोष्ट अशी आहे की ती वाचून मला गप्प राहवलं नाही.

आधी अक्का म्हणाल्या ते खरं. "चक्कर" हे आजाराचं नाव नाही. किती वेळ टिकते यावरून वाट सापडते. काकांना झालं त्यात आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत शिरतात, मान हलली की ते घरंगळतात, म्हणून मिनिटाचा खेळ. एप्ली त्या खड्यांना परत जागेवर नेतं. दादांच्या त्रासावर ते चालणार नाही. सलग दोन-तीन दिवस फिरत राहतं आणि ऐकू मात्र नीट येतं, तो बहुतेक वेळा तोलाच्या नसेला आलेल्या सुजेचा प्रकार असतो. आणि वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंतच्या चक्करा, निदान दोन वेळा, सोबत त्याच कानात दडा, आवाज आणि कमी-जास्त होणारं ऐकणं, अशी गोष्ट ऐकली की मेनिएरचा विचार करतात. अर्धशिशीतूनही तासन्‌तास चक्कर येते, म्हणून डोकेदुखी आहे का, उजेड सहन होत नाही का, हे डॉक्टर विचारतील.

मेनिएर हे माणसाचं नाव. प्रॉस्पर मेनिएर पॅरिसमध्ये मूकबधिरांच्या संस्थेत डॉक्टर होते. त्यांच्या काळात अशा माणसाला मेंदूत रक्त साचलंय असं समजून उपचार करायचे. हा विकार मेंदूचा नाही, आतल्या कानाचा आहे, हे त्यांनी १८६१ मध्ये मांडलं. दीडशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी दादांच्या गळ्यात मानेचा पट्टा येतो, याचं मला वाईट वाटतं.

आता मागाचा आवाज. धोट्याच्या मागांच्या खोलीत आवाज ९० डेसिबलच्या वर सहज जातो आणि रोज आठ तास ८५ च्या वर राहिलं की कानाला इजा होऊ लागते. पण आवाजानं होणारी इजा वेगळी दिसते. ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख काढला की आवाजाची इजा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडते आणि तो साधारण दोन्ही कानांत सारखा असतो. मेनिएरमध्ये सुरुवातीला खालचे सूर जातात, २५०, ५००, १०००, आणि एकाच कानात. तुमच्या आलेखात दोन्ही सापडण्याची शक्यता आहे. म्हणून तपासायला जाल तेव्हा माग किती वर्षं चालवता ते आवर्जून सांगा, नाहीतर सगळंच वयाच्या किंवा मागाच्या खात्यावर टाकलं जाईल. एकाच कानानं कमी ऐकू येत असेल तर नसेवर गाठ नाही ना हे बघायला एमआरआय सांगतात, घाबरू नका, बहुतेकांचा तो साफ निघतो.

आणि ती गोष्ट. खडेबाजारात मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं, शुद्ध गेली नाही, लगेच उठलात. दादा, तुम्ही ते अपमान म्हणून सांगितलंत, मला त्यात खूण दिसली. आतल्या कानातली गुरुत्वाकर्षण ओळखणारी इंद्रियं क्षणभर चुकीची खबर देतात आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. टुमार्किन नावाच्या डॉक्टरांनी १९३६ मध्ये असं पडणं नोंदवलं. मेनिएरच्या काही रुग्णांत हे होतं. पडण्याची कारणं हृदयातही असू शकतात, म्हणून ईसीजी काढतीलच. पण हा प्रसंग डॉक्टरांना अगदी पहिल्या वाक्यात सांगा. त्याला सूचना मिळत नाही, दडा येत नाही. त्यामुळे नीट उपचार होईपर्यंत चालू मागांच्या मधल्या बोळात, पट्ट्याजवळ तुम्ही एकटे उभे राहू नका. दुचाकी नको, शिडी नको.

सिनारिझिन आठ महिने रोज घ्यायचं औषध नव्हे. चक्करेच्या दिवसापुरतं ठीक. रोज घेतलं तर मेंदूला नवा तोल शिकू देत नाही, आणि लांबलं तर कंपवातासारखी लक्षणं येऊ शकतात, हालचाली मंदावतात. बोटं मागं पडतात म्हणालात त्याचं हेही एक कारण असू शकतं, डॉक्टरांना विचारून ते कमी करा. बीटाहिस्टिन नावाच्या चक्करेच्या गोळीबद्दल मी आधीच सांगून ठेवते, बरेच डॉक्टर देतात. जर्मनीत २२१ रुग्णांवर नऊ महिने चाचणी झाली, २०१६ मध्ये छापून आली. औषध घेणाऱ्यांच्या चक्करा कमी झाल्या, पण नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांच्याही तेवढ्याच कमी झाल्या. घेऊ नका असं मी म्हणत नाही. त्यावरच विसंबून पुढचं टाळू नका एवढंच. पुढचं म्हणजे कानाच्या पडद्यातून स्टेरॉइडचं इंजेक्शन, आणि अगदीच आवरेना तर जेंटामायसिन. दुसऱ्यानं तोलाचं इंद्रिय मुद्दाम कमजोर करतात, ऐकण्यालाही थोडा धोका असतो, म्हणून ते विचार करून.

दोन वेळा मात्र वाट बघायची नाही. चक्करेबरोबर तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, हात-पाय लुळा पडला किंवा कधी नव्हे असं डोकं दुखलं, तर १०८ ला फोन. आणि एका कानानं अचानक ऐकू येणं बंद होऊन ते परत आलं नाही, तर त्याच दिवशी कानाचा डॉक्टर. त्याचं औषध पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त लागू पडतं.

कानात कापूस घालून माग चालवत असाल तर त्याचा जवळजवळ उपयोग नाही. फोमचे बोळे मिळतात, ते दोन बोटांत वळून बारीक करून आत घालायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरायचे.

वडगावचा मागवाला

ताई, अक्का, काका. तुम्ही लिहिलेलं बायकोला आणि मुलीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ढकलल्यासारखं झालं त्याला नाव आहे हे ऐकून मी जरा वेळ बोललोच नाही. मला वाटत होतं माझंच काहीतरी सुटत चाललंय. दोन विचारायचं आहे. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तर हे सगळं मला नीट सांगता येणार नाही. "तलि तिरगतद", डोकं फिरतंय, एवढंच येतं. आणि ही खुण दुसऱ्या कुणाला, रस्त्यात, कशी कळवायची?

अंगणवाडीची अक्का, खानापूर

"तलि तिरगतद" म्हटलं की ते मान आणि पित्तावर जातात, माझाही अनुभव. दोन वाक्यं पाठ करा. खोली फिरते, आणि किती तास. उरलेलं वही दाखवून भागतं. रस्त्यासाठी मी ब्लाऊजमध्ये चिठ्ठी ठेवते, एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड. आपल्या गावात एका भाषेची चिठ्ठी अर्ध्याच लोकांना कळते.

वडगावचा मागवाला

पाच आठवड्यांनी लिहितोय. उशीर झाला, माफ करा.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. आलेख ताईंनी लिहिला तसाच निघाला. डाव्या कानात खालचे सूर खाली, आणि दोन्ही कानांत ४००० ला खड्डा. डॉक्टरांनी खड्ड्यावर बोट ठेवून विचारलं, "माग?" एमआरआय साफ. ईसीजी साफ. मेनिएर म्हणून लिहून दिलंय. सिनारिझिन हळूहळू बंद केलं, आता दुपारी झापड येत नाही. एक इंजेक्शन पडद्यातून झालंय, दुसरं पुढच्या आठवड्यात. या पाच आठवड्यांत एकदाच चक्कर आली, दीड तास. पडलो नाही.

माग बंद केले नाहीत. दोन बंद ठेवलेत. उरलेले दोन मेव्हणा चालवतोय, निम्म्या मजुरीची बोली झालीय. मी माग थांबलेला असतानाच ताणा जोडतो, बीम चढवताना लांब बसून सांगतो. पैसे कमी येतात, हे खरं आहे, दिवाळीचा हंगाम अर्धाच पदरात पडला. पण मेव्हण्यालाही आता फोमचे बोळे घालायला लावलेत, आणि पलीकडच्या गल्लीतले दोघं विचारून गेले कुठं मिळतात म्हणून.

चिठ्ठी केली. मराठी मुलीनं लिहिली. कन्नड शेजारच्या मास्तरांकडे घेऊन गेलो. त्यांना आधी सगळं सांगावं लागलं, खडेबाजाराचंसुद्धा. ते ऐकून घेत होते, मग पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या मनानं घातली. "नानु कुडिदिल्ल." मी प्यालेलो नाही. त्याच्या खाली कानाचा आजार आहे, हलवू नका, कुशीवर झोपवा, आणि घरचा नंबर. प्लास्टिक चढवून माळेच्या खाली सदऱ्याच्या खिशात ठेवतो.

अक्का, मिठाचं पाकीट १ तारखेला फोडलं, त्यावर तारीख टाकली. आम्ही चौघं. आज २६. अर्ध्याच्या थोडं खाली गेलंय.